पाठवलेले अक्षर, पोचलेले अक्षर

लग्नपत्रिकेचा मजकूर ईमेलमध्ये टाइप करून पाठवला, तर वाशिंदमधला डीटीपीवाला हमखास सांगतो, "काका, मेलमधून मॅटर नका पाठवू. पीडीएफ करा. नाय जमलं तर कागदावर लिहा आणि फोटो टाका व्हॉट्सअ‍ॅपला." आसनगाव लोकलने रोज ठाण्या-मुंबईला जाणारी माणसे दिवसभर ऑफिसात मेलवरच काम करतात, पण गावातल्या छपाईच्या कामाला मेलमधल्या मजकुराला कोणी हात लावत नाही. याला मागासलेपणा म्हणणे सोपे आहे, पण हा अनुभवाने आलेला शहाणपणा आहे. पाठवणाऱ्याने कुलदैवताचे नाव मध्यभागी, ठळक, मोठ्या टाइपात घातलेले असते. पोचते ते डावीकडे सरकलेले, बारीक आणि भलत्याच वळणाचे. क्वचित अक्षरही भलतेच.

पत्राचे रूप कोणी ठरवायचे, लिहिणाऱ्याने की वाचणाऱ्याने, हा ईमेलच्या जगातला जुना वाद आहे. इंग्रजीत तो बहुतांशी सजावटीपुरता राहिला. कोणी गॅरामंडमध्ये लिहिले आणि समोरच्याला एरियल दिसले, तर फार तर हळहळ होते, वाक्य शाबूत असते. मराठीत तसे नाही. फॉन्ट बदलला की मजकूरच नाहीसा होतो, असा बराच काळ आपण काढला. आणि तो प्रश्न सुटल्यावरही अक्षराचे वळण दुसऱ्याच्या हातात राहिले ते राहिलेच.

मागे वळून पाहिले, तर लेखकाने टाइप निवडायचा ही कल्पनाच नवी आहे. हाताने लिहिलेल्या पत्रात वळण, शाई, समास, ओळींमधले अंतर सगळे लिहिणाऱ्याचे, आणि वाचणाऱ्याला ते निमूट वाचावे लागे. मोडीतले पत्र ज्यांनी वाचायचा प्रयत्न केला आहे त्यांना यातली सक्ती कळेल. छपाई आली तेव्हा उलट झाले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप हीच त्या ग्रंथांची ओळख होती. लेखक हस्तलिखित देई, पुढचे खिळे जुळवणाऱ्याचे काम. ईमेलने लेखकाच्या हातात प्रथमच छापखान्याची सगळी बटणे दिली. मात्र ती चालतात त्याच्या स्वतःच्या पडद्यापुरती, आणि हे त्याला कोणी सांगितले नाही.

सुरुवातीला तर बटणेच नव्हती. १९८२ च्या आरएफसी ८२२ या नियमपत्राने ईमेलची जी मांडणी ठरवली तीत फक्त साधी रोमन अक्षरे होती. ठळक नाही, रंग नाही, देवनागरीही नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा अमेरिकेतल्या मुलांना आईबापांनी लिहिलेली पहिली मराठी पत्रे रोमन लिपीतच गेली. त्याआधी, १९९२ मध्ये, नेथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम हा ठराव मांडला होता. त्यामुळे पत्राबरोबर 'हा मजकूर अमुक लिपीसंचात आहे' अशी चिठ्ठी जोडता येऊ लागली. त्यातच एकाच पत्राच्या दोन प्रती, एक सजवलेली आणि एक साधी, बरोबर पाठवण्याची सोय होती. कोणती दाखवायची हे वाचणाऱ्याच्या प्रोग्रॅमने ठरवायचे. म्हणजे पाठवणाऱ्याची सजावट बाजूला सारण्याचा अधिकार हा काही पुढे घुसलेला दोष नाही. पायाभरणीतच तो मान्य केलेला आहे.

मराठीची खरी पंचाईत झाली ती 'फॉन्टवाल्या' काळात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, सीडॅकचे आयएसएम, आकृती, शिवाजी, किरण ही नावे आजही कुठल्याही डीटीपीवाल्याच्या तोंडात असतात. या सगळ्यांची युक्ती एकच होती. संगणकाकडे अक्षरांसाठी जेमतेम २५६ घरे होती आणि ती रोमन अक्षरांनी व चिन्हांनी भरलेली होती. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. पडद्यावर 'सप्रेम नमस्कार' दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असे. मराठी होती ती केवळ फॉन्टमध्ये.

अशा मजकुराचा फॉन्ट मेलच्या प्रोग्रॅमने बदलला की उरते ती ती माळ. त्याला कीडामुंगी अक्षर म्हणत. त्यावर उपाय म्हणून पहिल्या पत्रासोबत फॉन्टची फाइलच जोडून पाठवत आणि 'आधी हा फॉन्ट टाका, मग पत्र उघडा' असे इंग्रजीत लिहीत. तरी भागत नसे. वाटेतला एखादा जुना सर्व्हर प्रत्येक अक्षराचा आठवा बिट कापी, आणि वरच्या १२८ घरांत ठेवलेली जोडाक्षरे उडत. प्रोग्रॅम स्वतःच्या हुशारीने वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करी, सरळ अवतरणचिन्हाला गोल करी. इंग्रजीत ही टापटीप, मराठीत मात्र दरवेळी एक अक्षर जाऊन दुसरे येई. उत्तर देताना जुन्या ओळींच्या आधी कोनाची खूण लागते, पण बऱ्याच फॉन्टांत त्या खुणेच्या घरातही अक्षराचा कुठलातरी तुकडा बसवलेला असे. म्हणजे नुसते उत्तर पाठवले तरी मूळ पत्राच्या प्रत्येक ओळीला शेपूट फुटे. मेल-प्रोग्रॅमांच्या दृष्टीने ही सगळी निरुपद्रवी सेवा होती. आपल्या मजकुराशी ते असे वागले, कारण तो मराठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आणि सांगण्याची सोय कागदावर तोवर झालेली होती, ही यातली चीड आणणारी गोष्ट. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ चे आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. मग दशकभर आपण अडकलो का? कारण मराठी संगणकीकरणाचा संसार छपाईच्या धंद्यावर चालत होता, आणि तो धंदा पेजमेकर या पाने जुळवायच्या प्रोग्रॅमवर. पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कधीच आली नाही. २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची, पण लहान गावांत तो त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिला. वाशिंदच्या दुकानदाराला फोटो का हवा असतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे. युनिकोडमधला मजकूर त्याच्या फॉन्टात आणायचा तर आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग सुटलेले काना-मात्रा शोधत बसा. त्यापेक्षा फोटो समोर ठेवून पुन्हा टाइप केलेले लवकर होते.

युनिकोड रुळल्यावर अक्षर सुटले. विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी फॉन्ट आला. तो र. कृ. जोशींनी घडवलेला. सुलेखनकार, कवी आणि आयआयटी मुंबईतले अध्यापक असलेल्या या माणसाने आखलेल्या अक्षरांत पुढची दहा-बारा वर्षे सरकारी परिपत्रकांपासून प्रेमपत्रांपर्यंत सारे वाचले गेले. पण मंगल कोणी निवडला नव्हता. तो तिथे होता म्हणून दिसत होता. विंडोज ८ पासून त्याच्या जागी निर्मला आला, अ‍ॅपलच्या फोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. एकच पत्र ऑफिसातल्या संगणकावर, मुलाच्या आयफोनवर आणि बापाच्या स्वस्त मोबाइलवर तीन वेगळ्या अक्षरांत उघडते. या तिन्हींतले एकही पाठवणाऱ्याने निवडलेले नसते.

"पण मी तर फॉन्ट निवडला होता" असे कोणी म्हणेल. जीमेलच्या लिहायच्या चौकटीत फॉन्टची यादी उघडून पाहावी. जॉर्जिया, व्हर्डाना, टाहोमा, ट्रेब्युशे, गॅरामंड, कॉमिक सॅन्स. यांतल्या एकातही देवनागरी अक्षरे नाहीत. मराठी मजकूर निवडून त्याला जॉर्जिया लावला, तर जॉर्जियात 'क' नसल्याने संगणक मुकाट्याने आपल्याजवळचा देवनागरी फॉन्ट काढून वापरतो. पाठवणाऱ्याची निवड इथे कोणी मोडत नाही, कारण ती झालेलीच नसते. मराठी माणसाला ही यादी दाखवणे म्हणजे निवडीचे नाटक आहे, आणि मला मेल-प्रोग्रॅमांच्या बाकी सगळ्या खोड्यांपेक्षा ही जास्त खटकते. स्वतःचा फॉन्ट पत्रासोबत पाठवायचा मार्ग अ‍ॅपलच्या मेलमध्ये चालतो, पण जीमेल आणि विंडोजवरचे आउटलुक त्याला जुमानत नाहीत.

वळणाचा मुद्दा सौंदर्यापुरता असता तर सोडून देता आला असता. पण मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीत ल दंडाचा आणि श वेगळ्या डोक्याचा. युनिकोडमध्ये दोन्ही भाषांच्या ल ला एकच क्रमांक आहे, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एकच आहे. कोणते वळण दाखवायचे ते फॉन्टने ठरवायचे, आणि त्यासाठी मजकूर मराठी आहे हे फॉन्टला कळायला हवे. नोटो, मुक्त यांसारख्या फॉन्टांत मराठी वळणे तयार ठेवलेली असतात. पण भाषा सांगितली नाही तर बहुतेक फॉन्ट हिंदीचे वळण पुढे करतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरलेखन ठरवून दिले. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा फॉन्ट काढला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा नवा निर्णय निघाला, आणि तेव्हाही चर्चा ल आणि श यांचीच झाली. एवढे सगळे होऊन तोच निर्णय कोणी मेलच्या मजकुरात उतरवून तहसील कार्यालयात पाठवला, तर वाचणाऱ्याला त्यातले ल-श कोणत्या वळणाचे दिसतील हे त्याच्या फोनवर अवलंबून.

भाषा सांगायची सोय एचटीएमएलमध्ये, म्हणजे सजवलेले पत्र ज्या खुणांच्या भाषेत जाते तीत, आहे. मजकुराला 'एमआर' ही दोन अक्षरी खूण लावायची की झाले. पण जीमेलमध्ये लिहिताना ती लावायचे बटण नाही. खूण नसली की ब्राउझर भोवतीच्या पानाची भाषा धरतो, आणि ते पान बहुतेकांचे इंग्रजीत असते. आउटलुक वर्डसारखाच कीबोर्डवरून भाषा ओळखतो. पण हिंदीचा कीबोर्ड लावून मराठी लिहिणारे थोडे नाहीत, आणि त्यांचे पत्र हिंदी म्हणून नोंदले जाते.

र चे प्रकरण याहून नाजूक. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्याला स्वतंत्र क्रमांकाचे अक्षर वापरतात. दुसरीत साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. अदृश्य चिन्हांना कचरा समजून झाडून टाकणारे प्रोग्रॅम आहेत. चिन्ह गेले की अर्धा र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि शहापूर तालुक्यातल्या माहुली गडाच्या दऱ्यांचा दर्या होतो. आपल्या तालुक्यात समुद्र आणायला एवढे पुरते. इथे सजावट नव्हे, शुद्धलेखन बदलले. हे मात्र कोणत्याही प्रोग्रॅमला माफ नाही.

तांत्रिक बाजूचे बाकीचे प्रताप थोडक्यात. आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला ब्राउझरऐवजी वर्डचे इंजिन घेतले आणि जगभरच्या मेल सजवणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. २००९ मध्ये त्याविरुद्ध मोहीमही निघाली. आपल्याकडे त्याचा त्रास वेगळाच झाला. ओळीची उंची इंग्रजी अक्षराच्या मापाने बांधून दिलेली असली, की हे इंजिन वरचा भाग कापते. 'सर्वांनी अगत्य येण्याचे करावे'मधला रफार कापला गेला की आमंत्रण 'सवांनी'ला जाते. जीमेलने पत्राच्या डोक्यावर लिहिलेले शैलीचे नियम २०१६ पर्यंत पाळलेच नाहीत. ते १०२ किलोबाइटच्या पुढचे पत्रही कापते आणि खाली पूर्ण पत्राचा दुवा देते. युनिकोडच्या प्रचलित रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, रोमन एकाचे. म्हणजे मराठी वार्तापत्र इंग्रजीच्या मानाने बरेच लवकर या कात्रीत सापडते. विषयाच्या ओळीत तर सजावटीला वावच नाही. तिथे देवनागरी सांकेतिक तुकडे करून न्यावी लागते, आणि नियमाप्रमाणे एका तुकड्यात देवनागरीची जास्तीत जास्त १५ चिन्हे मावतात. 'वाशिंद' लिहायलाच काना, वेलांटी, अनुस्वार धरून सहा लागतात. विषयात अधूनमधून काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते ते तुकडा चुकीच्या जागी तोडणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांमुळे.

आता दुसरी बाजू, कारण मी आतापर्यंत एकट्या पाठवणाऱ्याची कड घेतल्यासारखे झाले. वाचणाऱ्याने रूप बदलण्यात काहीच गैर नाही, बऱ्याचदा ते आवश्यकच असते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आजोबांनी फोनवर अक्षर मोठे केले, तर नातवाने हौसेने निवडलेला नाजूक टाइप गेलाच पाहिजे. वेबपानांच्या शैलीच्या नियमांत हा झगडा उघडपणे झाला. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत लेखकाने 'महत्त्वाचे' म्हणून लावलेला नियम वाचकाच्या नियमावर मात करी. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटे केले, आणि वाचकाचा 'महत्त्वाचे' शेवटचा ठरला. थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये आजही देवनागरीसाठी आपला फॉन्ट ठरवून पाठवणाऱ्याचे फॉन्ट नाकारता येतात. हे मला बरोबर वाटते. आकार, रंग, उजेड-अंधार, फॉन्टसुद्धा वाचणाऱ्याचा. अक्षर, जोडाक्षर, भाषेची खूण आणि खोडलेले-न खोडलेले हे लिहिणाऱ्याचे.

खोडलेल्याचा उल्लेख मुद्दाम केला. सोसायटीच्या किंवा शाळेच्या मेलमध्ये जुना दर आडव्या रेघेने खोडून शेजारी नवा लिहायची पद्धत आहे. साध्या मजकुराच्या प्रतीत रेघ उडते आणि दोन्ही दर शेजारी शेजारी उभे राहतात. प्रूफात 'लाल रंगात केलेल्या दुरुस्त्या पाहाव्यात' असे लिहिलेले असते, आणि समोरच्याच्या फोनवर २०१९ नंतर सगळीकडे आलेला काळा पडदा असतो. तो कधी लालचा गुलाबी करतो, कधी गडद लाल काळ्यावर तसाच ठेवतो. तिरप्या अक्षरांबद्दल तर बोलायलाच नको. देवनागरीत त्यांची परंपरा नाही, प्रोग्रॅम सरळ अक्षर ढकलून वाकडे करतो आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळतात. अशा ठिकाणी दोष प्रोग्रॅमचा जेवढा, तेवढाच अर्थाचा भार रंगावर टाकणाऱ्याचा. 'जुना दर रद्द' हे तीन शब्द जास्त लिहिले असते तर कोणतेही इंजिन ते पुसू शकले नसते. गंमत अशी, की व्हॉट्सअ‍ॅपवर फॉन्टची निवड मुळीच नाही, ठळकसाठी दोन तारे घातले की संपले, आणि तिथे याबद्दल कोणी कुरकुर करताना मी पाहिले नाही. जे देणारच नाही ते आधी सांगितलेले बरे असते.

या सगळ्याला कंटाळून मराठी व्यवहाराने शोधलेली वाट म्हणजे पीडीएफ, आणि तीही नको तर कागदाचा फोटो. शहापूरला अर्ज पाठवायचा, मुरबाडहून यादी मागवायची, मेलमध्ये ओळ एकच असते, 'सोबत जोडले आहे'. रूप टिकते हे खरे. डीटीपीवाला तर त्यापुढे जाऊन 'कर्व्ह करून पाठवा' म्हणतो, म्हणजे अक्षरांचे अक्षरपणच काढून त्यांची नुसती चित्रे करा. मग फॉन्ट असो-नसो, छापताना काही हलत नाही. पण चित्र झालेला मजकूर शोधता येत नाही. वर्षभराने 'ती पाणीपट्टीची मेल' धुंडाळताना याची किंमत कळते. जुन्या फॉन्टात बनवलेल्या पीडीएफमधून ओळ उचलली, तर चिकटवताना पुन्हा तीच कीडामुंगी. फोनवर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. आणि जो डोळ्यांनी वाचू शकत नाही, ज्याचा फोन किंवा संगणक मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो, त्याच्यासाठी कागदाचा फोटो म्हणजे कोरे पान. पाठवणाऱ्याचे रूप शंभर टक्के जपणारी ही एकमेव वाट वाचणाऱ्याचा अधिकार शंभर टक्के काढून घेते.

मोठ्या कंपन्यांकडून मागायचे ते फार नाही. फॉन्टच्या यादीत दोन-तीन देवनागरी फॉन्ट, लिहिणारा मराठी कीबोर्ड वापरतो आहे हे ओळखून मजकुराला आपोआप लागणारी भाषेची खूण, आणि अदृश्य जोडचिन्हाला हात न लावण्याची हमी. यातले एकही काम अवघड नाही, कारण कीबोर्ड कोणता चालू आहे हे फोनला आधीच माहीत असते. खूण लागली तर आज वाशिंदच्या एखाद्या जुन्या मोबाइलवरही नोटो त्यात आधीपासूनच असलेला पाकळ्यांचा ल काढून दाखवेल. मोडीला मात्र अजून थांबावे लागेल. तिला युनिकोडमध्ये २०१४ सालीच जागा मिळाली, पण मोडीत लिहिलेली मेल उघडली तर अनेक फोनांवर आजही चौकोनांची रांग दिसते.